कशाला हवा दोर?

गल्लीत त्यांना सगळे उलटोबा म्हणत. दोर वळणारा माणूस कामाच्या वेळी सरळ चालत नाही, एवढंच त्या नावामागचं कारण. कमरेभोवती तागाचा जाड झुबका गुंडाळायचा, त्यातले थोडे तंतू ओढून चाकाच्या आकड्यात अडकवायचे, आणि बायकोने चाक फिरवायला घेतलं की बोटांतून ताग सोडत, एकेक पाऊल मागे टाकत, शेडच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. तंतूंना पीळ बसतो, सूत तयार होतं. मग परत यायचं आणि पुन्हा मागे निघायचं. वडिलांनी जन्मभर हेच केलं, उलटोबांनीही हेच केलं. बापलेकांनी मिळून किती मुलूख मागे चालून पालथा घातला, याचा हिशोब कोणी ठेवला नाही. ठेवला असता तरी तो उलटाच लागला असता.

शेड लांबलचक आणि अरुंद होती, बोळाला छप्पर घातल्यासारखी. पुढच्या टोकाला चाक आणि रस्त्याकडचं दार, मागच्या टोकाला एक छोटं दार, ते उघडलं की मागची गल्ली. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काठ्या आत यायच्या आणि त्यांत तागाची धूळ सोन्यासारखी तरंगत राहायची. जमिनीत मधोमध एक पन्हळ पडली होती. दोन पिढ्यांच्या टाचांनी ती पाडली होती. त्या पन्हळीतून पाय आपोआप जात, डोळ्यांना काही काम उरत नसे, आणि मग उलटोबांची तंद्री लागत असे.

मागे चालणाऱ्याला कुठलीही गोष्ट आधी दिसत नाही. खांद्यामागून एक खांब येतो, क्षणभर अगदी बाजूला उभा राहतो, मग समोर जातो आणि लहान लहान होत जातो. उलटोबांना वाटे, जगातलं सगळं असंच येतं. आधी नसतं, मग एकदम जवळ असतं, मग सावकाश दूर जातं आणि दूर जातानाच नीट दिसतं. वडील तसेच गेले. मुलगा मोठा झाला आणि मालाच्या गोदामात नोकरीला लागला, तोही तसाच.

"अहो, तुम्ही जागे आहात का झोपेत चालताय?" बायको चाकावरून ओरडायची.

"पाय जागे आहेत. बाकीच्यांना कशाला उठवू?"

धंद्याची मात्र एक रीत होती आणि तिथे उलटोबा पुरते जागे असत. दोर मागायला कोणी आलं की ते आधी विचारत, "कशाला हवा?" वडिलांनी घालून दिलेलं वळण होतं ते. विहिरीचा दोर कडक पिळाचा, पाण्याने फुगला तरी बेहत्तर. झोक्याचा मऊ, हाताला न काचणारा. नावेचा थोडा ताण खाणारा, सामान बांधायचा गाठ धरणारा. कशाला ते कळल्याशिवाय हात कसा लावायचा? आणि विचारलं की उत्तर येईपर्यंत थांबायचं. गिऱ्हाईक डोकं खाजवो, आकाशाकडे बघो, उलटोबा त्याच्या तोंडाकडे बघत शांत उभे. उत्तर आपण सुचवायचं नाही. माणसाला विचारून त्याचं ऐकायचं नाही म्हणजे दारात बोलावून दार लावून घेण्यासारखं, असं वडील म्हणत.

नाक्यावरच्या दुकानात नायलॉनची रिळं आली तेव्हापासून या रीतीची पंचाईत झाली. तिथे कोणी काही विचारत नाही. बोट दाखवायचं, कात्री चालते, काम फत्ते. लोक घाईत असतात. एका दोरीसाठी जबानी कोण देत बसणार? हळूहळू शेडमध्ये भिंतीला टांगलेली वेटोळी वाढली आणि दारातली माणसं कमी झाली.

शेड दोघा भावांच्या मालकीची होती. धाकट्याने दोर कधी वळला नाही. लहानपणी चाक मात्र त्यानेच फिरवलं होतं. पुढे त्याने सायकलींचं दुकान काढलं आणि ते बरं चाललं. एके दिवशी तो चहाच्या वेळी आला, स्टुलावर बसला आणि बराच वेळ शेडकडे लांबवर बघत राहिला.

"दादा, मी काय म्हणतो, मधोमध एक भिंत घालू. पुढचा अर्धा भाग भाड्याने देऊ. तू मागच्या अर्ध्यात वळ की दोर, कोण नको म्हणतंय?"

"अर्ध्या शेडमध्ये अर्धाच दोर होतो रे."

"मग वळ अर्धा."

"अर्ध्याचाही अर्धा होत नाही. तीन पेड एकत्र वळले की लांबीतला मोठा घास पीळच खातो. अर्ध्या शेडमध्ये जे उरेल त्याने बादली विहिरीच्या कठड्यावर बसून पाण्याकडे बघेल नुसती."

"विहिरीला पंप बसले, दादा. बादली कुठेच जात नाही आता."

धाकटा वाईट नव्हता, हे उलटोबांना ठाऊक होतं. तो म्हणाला, "मला काय हौस आहे का? गवंडी सध्या नाक्यावरच्या दवाखान्याच्या कामात अडकलाय. तो मोकळा होईल तोवर गिऱ्हाईक आणून दाखव. लांब दोराचं गिऱ्हाईक. मी भिंतीचं नाव काढणार नाही."

"आणि नाही आलं तर?"

"तर सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं करू नको, एवढंच."

त्या दिवसापासून उलटोबा नाक्यावरून जाताना दवाखान्याकडे बघायला लागले. इमारत एकेक थर वर चढत होती. ते मनातल्या मनात गवंड्याला म्हणत, सावकाश रे बाबा, घाईचं काम बरं नसतं.

सुनेने हे सगळं ऐकलं होतं. ती लग्नाआधी कापडाच्या दुकानात होती, आलेल्या माणसाला बसवायचं कसं हे तिला कळत होतं, आणि फोन तर तिच्या तळहातालाच चिकटलेला. तिने दोराच्या नावाने एक पान उघडलं. वेटोळ्यांचे पांढऱ्या चादरीवर फोटो काढले, खाली लिहिलं, "दर्जेदार दोर, रास्त दर." संध्याकाळी ती उड्या मारत आली.

"बाबा, चौदा जणांना आवडलं!"

"कोण कोण?"

तिने नावं वाचली. मावसभाऊ, तिची आत्या, तिच्या दोन मैत्रिणी, आत्याची जाऊ.

"म्हणजे घरच्या लग्नाला घरचीच पंगत," सासू म्हणाली.

"अंगठे आलेत आई, अंगठे. सुरुवात अशीच होते."

उलटोबांनी आपला उजवा अंगठा वर करून बघितला. ताग दाबून दाबून तो चपटा आणि घट्ट्याने पिवळा झाला होता. "अंगठ्यावर तर धंदा आमचाही चालतो. पण नुसत्या अंगठ्याने दोर वळतो, विकला जात नाही."

मग सुनेने गाणी लावून व्हिडिओ केले. उलटोबांना ते पटेना, गाण्यात चाकाचा आवाज बुडून जात होता. एकदा ती दोराचं मोठं वेटोळं डोक्यावर घेऊन हसत उभी राहिली. त्याखाली कोणीतरी विचारलं, टोपी केवढ्याला? धाकट्याला हे कळलं तेव्हा तो पोट धरून हसला. "मी असलं काही बघत नाही बुवा," तो म्हणाला, "पण टोप्या खपत असतील तर टोप्या विणा." तिकडे दवाखान्याला गिलावा सुरू झाला होता.

आणि मग एके दुपारी ती चूक झाली.

सुनेने फोन चाकाच्या चौकटीला टेकवून ठेवला, उलटोबांच्या समोर. म्हणाली, "बाबा, आज गाणं नाही, काही नाही. तुम्ही तुमचं काम करा. फक्त गिऱ्हाईक समोर आहे असं समजून बोला." आणि ती मागे सरकली.

आता, या घरात फोन असा टेकवून ठेवला जाई तो एकाच वेळी: सुनेची आई दुरून बोलायला बोलवायची तेव्हा. त्या वेळी पडद्यावर माणूस असे, आपण बोललो की तो बोले. उलटोबांना चष्म्याशिवाय पडद्यावरचं काही दिसत नव्हतं आणि कामाच्या वेळी ते चष्मा लावत नसत. तेव्हा त्यांची खात्री झाली की पलीकडे खरोखरच कोणीतरी गिऱ्हाईक बसलं आहे. त्यांनी ताग कमरेला गुंडाळला, तंतू आकड्यात अडकवले, आणि फोनकडे बघून मान लववली.

"या. कशाला हवा दोर?"

आणि ते थांबले, म्हणजे बोलायचे थांबले. पाय चालूच होते. चाक घरघरत होतं, बोटांतून सूत निघत होतं, एकेक पाऊल मागे पडत होतं, आणि त्यांचे डोळे फोनकडे लागलेले. उत्तर आलं नाही. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. माणसं विचार करतात. उन्हाची एक काठी त्यांच्या चेहऱ्यावरून सरकली, मग दुसरी. ते लहान होत गेले. मध्येच त्यांनी "असू दे, घाई नाही" अशी मान हलवली. पार मागच्या टोकाला पोचल्यावर, सोनेरी धुळीत अगदी बोटाएवढे दिसत असताना, ते हाळी घातल्यासारखे म्हणाले, "सांगा सावकाश. मी इथेच आहे."

व्हिडिओ तिथे संपला.

परत येऊन ते सुनेला म्हणाले, "बोललाच नाही ग तो माणूस. लाजाळू दिसतोय. का रागावला?"

सुनेने ओठ दाबून सासूकडे बघितलं. सासूने मान फिरवली. खरं काय ते सांगायचं दोघींच्याही जिवावर आलं. "विचार करून सांगतो म्हणालाय बाबा," सून म्हणाली. कुठला तुकडा कापायचा ते तिला कळेना, कारण प्रत्येक तुकड्यात ते नुसते वाट बघत होते. तिने तो होता तसाच टाकून दिला आणि खाली त्यांचा प्रश्न लिहिला: कशाला हवा दोर?

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. एक नाही, ओळीने.

उलटोबा सूत काढत होते आणि सून चाकाजवळ उभी राहून वाचत होती. "एक बाई म्हणतात, झोक्याला हवा. अंगणातलं झाड वठलंय, पण एक फांदी अजून धरून आहे."

"मुलं केवढी आहेत विचार. आणि फांदीला कडक दोर नको म्हणावं, साल सोलते."

"एक जण म्हणतो, आजोबांची पेटी बांधायला. कुलूप तुटलंय."

"गाठ धरणारा. पुढे?"

"एक शाळामास्तर आहेत. घंटेला हवा. मुलं लोंबकळतात म्हणे."

"लोंबकळणारच. घंटेचा दोर त्यासाठीच असतो. पुढे?"

"एक जण म्हणतोय, मला दोर नको. पण किती तरी दिवसांत कोणी काही विचारलं नव्हतं, म्हणून लिहिलं."

उलटोबांचे पाय क्षणभर थबकले. चाक फिरतच राहिलं, सुताला जास्तीचा पीळ बसून एक गुंता उमटला. "त्यांना लिही, बसा," ते म्हणाले. "नको असला तरी बसा. शेडमध्ये जागा पुष्कळ आहे."

ही माणसं आता रोज यायला लागली. सून वाचायची, उलटोबा मागे चालायचे, आणि त्यांना वाटायचं, खांबांसारखीच ती खांद्यामागून येताहेत. आधी नसलेली झोकेवाली बाई एकदम जवळ उभी, हातात वठलेल्या झाडाचं पान. मग शाळामास्तर. मग पेटीवाला, पेटी डोक्यावर. सगळे उन्हाच्या काठ्यांमध्ये दोन्ही बाजूंनी ओळीने उभे राहायचे आणि ते त्यांच्या मधून मागे मागे जायचे. व्हिडिओ किती लोकांनी बघितला ते सून सांगे. तो आकडा त्यांच्या डोक्यात शिरत नसे. एवढी माणसं शेडमध्ये मावणार नाहीत, एवढंच त्यांना कळे.

भिंतीवरची वेटोळी उतरली. नवे दोर वळले गेले, गोदामातून येताना मुलगा खोकी आणायला लागला, सासूचा खांदा चाक फिरवून फिरवून धरला. घर हसतंखेळतं झालं होतं. आणि नेमकं तेव्हाच धाकटा आला, खोक्यांकडे बघून खूश झाला आणि म्हणाला, "वा दादा! नशीब काढलंस. आता तर भिंत घालायलाच हवी."

"अरे, गिऱ्हाईक आलं की!"

"आलं ना. पण कशाला आलं? झोका, पेटी, घंटा. तुझा सगळ्यात लांब दोर या खोक्यात बसतो. एवढ्याला अर्धी शेड उरून पुरते. वहिनी, तुम्हीच सांगा, माझं काही चुकतंय का?"

वहिनी खांदा चोळत राहिल्या. चुकत नव्हतं. लांब दोराचं गिऱ्हाईक आण, असं तो म्हणाला होता, आणि तसं एकही आलं नव्हतं. दवाखान्याला रंगही लागला होता. गवंडी परवा सकाळी येणार होता.

उलटोबांनी ताग कमरेला गुंडाळला आणि निघाले. त्या दिवशी पन्हळीच्या मधोमध आल्यावर त्यांची पाठ उगाचच दचकली, मागे भिंत असल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी सून धावत आली. "बाबा, ऐका. एक मुलगी लिहितेय. तिच्या वडिलांची नजर गेलीय. घराच्या दारापासून पाण्याकाठच्या बाकापर्यंत ते रोज जायचे, आता कोणी धरून नेलं तरच जातात, आणि धरून नेलेलं त्यांना आवडत नाही. वाटेला खांब रोवलेत. दोर हवाय, हात ठेवून जायला."

"किती लांब?"

सुनेने सांगितलं. उलटोबा हळूच खाली बसले.

"दोन तुकडे जोडून देता येईल का, विचार," सासू म्हणाली.

"विचारलं. नको म्हणाली. आधी तसाच बांधला होता. गाठ हाताला लागली की त्यांना वाटायचं बाक आला, आणि ते तिथेच बसायला बघायचे."

मग उलटोबा उठले. "शेड पुरणार नाही. मागचं दार उघडावं लागेल. उद्या सकाळी, गवंडी यायच्या आत. धाकट्याला बोलव, हिचा खांदा चालणार नाही. चाक त्याला येतं."

"काका येतील?" सून म्हणाली.

"त्याला म्हणावं, शेवटचा लांब दोर आहे."

धाकटा आला. शर्टाच्या बाह्या वर सारल्या, चाकाची मूठ धरली, आणि चाक पहिल्यांदा घरघरलं तशी त्याने मान तिरकी केली. "व्हिडिओत आवाज असा येत नाही," तो पुटपुटला.

"तुम्ही तर असलं काही बघत नाही ना, काका?" सून म्हणाली.

"तू ताग बघ, ताग."

सुतं आदल्या दुपारीच सासूने दुखऱ्या खांद्यानेच चाक फिरवून काढून दिली होती, तीन पेडही पिळून, गुंडाळून तयार होते. आता ते एकत्र वळायचे होते. सुनेने फोन खिशात टाकला आणि तीन खाचांचा लाकडी भोवरा हातात घेतला. त्याच्या खाचांतून पेड येऊन एकमेकांना मिठी मारतात. उलटोबांनी दुसरं टोक कमरेला बांधून ताण धरला आणि मागे निघाले. खांब आले आणि गेले. शेड संपली. मागच्या दाराच्या चौकटीत त्यांचे दोन्ही खांदे घासले, एक कोपर सोललं, आणि ते गल्लीत बाहेर पडले.

सकाळची गल्ली होती. कोणी सायकल भिंतीला लावली, कोणी पिशव्या छातीशी धरून वाट दिली. उलटोबा मागे मागे जात राहिले. ऊन आता काठ्यांनी येत नव्हतं, सगळीकडून येत होतं. खिडक्या त्यांच्या खांद्यामागून यायच्या, शेजारी थांबायच्या आणि पुढे निघून जायच्या. समोर ती अंधारी शेड दुर्बिणीच्या नळीसारखी दिसत होती आणि तिच्या पार दुसऱ्या टोकाला, एका उजळ ठिपक्यात, एक बुटका मुलगा दोन्ही हातांनी चाक फिरवत होता. तो आपला धाकटा, पन्नाशी उलटलेला, हे त्यांना कळत होतं. तरी तो मुलगाच दिसत होता. दोघांच्या मध्ये दोर थरथरत होता. तिकडे चाकाला जरा गचका बसला की इकडे तो कमरेला कळे.

"दादा!" आवाज खूप लांबून आला. "पुरे का?"

"अजून थोडा!"

दोर झाल्यावर उलटोबांनी जाड कापडाने तो घासला, एकाच दिशेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तंतू सगळे एकीकडे वळले. बाकाकडे जाताना हाताला गुळगुळीत लागेल, परत येताना खरखरीत. हात खरखरला की त्या माणसाला कळेल, आपण घराकडे तोंड करून आहोत. हे बांधताना उलटं करू नका, असं त्यांनी सुनेला दोनदा लिहायला लावलं. वेटोळं एवढं झालं की खोक्यात बसेना, पोत्यात घालावं लागलं.

गवंडी पुढच्या दारात कधीचा उभा होता. थापी आणि ओळंबा पिशवीत, तोंडात काडी. "माझं सूत तुटलंय," तो म्हणाला. "रेघ धरायला एक बारीक सूत द्या, उलटोबा. मग लागतो कामाला."

उलटोबांचा हात खुंटीकडे गेला आणि तिथेच थांबला. रीत ती रीत.

"कशाला हवं?"

गवंड्याने धाकट्याकडे बघितलं. धाकटा घाम पुसत स्टुलावर बसला होता. तळहाताला आलेला फोड तो न्याहाळत होता. उलटोबा धाकट्याकडे बघत उभे राहिले. ते काही सुचवणार नव्हते. बाहेर एक सायकल घंटी वाजवत गेली. सुनेने पोत्याचं तोंड हातात धरून ठेवलं. धाकट्याने फोडावरून अंगठा फिरवला, शेडच्या लांबीकडे पाहिलं, मग दादाच्या सोललेल्या कोपराकडे.

"आता गवंडी बोलावलाय तर फुकट कशाला घालवायचा," तो शेवटी कुरकुरत म्हणाला. "मागचं दार फार अरुंद आहे. ते रुंद करून घे."

"आणि मधली भिंत?" गवंड्याने विचारलं.

"दार म्हटलं ना मी? कान आहेत का विटा?"

उलटोबांनी खुंटीवरून सूत काढलं, जरासं ओढून बघितलं आणि ठेवून दिलं. दाराच्या कामाला ताण न खाणारं लागतं. त्यांनी दुसरं काढलं.